ताडपत्रीखालचा पुतळा

“पुतळा कुणाचा आहे?”

मुख्याधिकारी साहेबांनी मला बसा म्हणायच्या आधीच विचारलं. मी उभाच होतो. माझ्या मागं माझा वेल्डर सलीम मिस्तरी होता, आणि तो दाराकडं तोंड करून उभा होता, म्हणजे पळायला सोपं.

“साहेब, पुतळा नाही तो. इन्स्टॉलेशन आहे.”

“ते मला माहीत आहे. परवानगी मीच दिलीय. बाहेर माणसं जमलीत त्यांना माहीत नाही.”

सांगलीच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. गेट, जिने, टाकीचे स्टँड यांत आयुष्य गेलं. अलीकडं कलाकार मंडळी येतात आणि इन्स्टॉलेशन करून मागतात. इन्स्टॉलेशन म्हणजे भिंतीवर न टांगता जागेवर उभी केलेली कला. बघणाऱ्यानं तिच्याभोवती फिरायचं. महिनाभरानं ती नटबोल्ट काढून न्यायची. गेटपेक्षा सोपं काम. गेट लागत नाही म्हणून लोक शिव्या देतात. हे नीट लागलंय की नाही हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गाव कराडच्या आसपासचं, वाढतं उपनगर. नाव सांगत नाही, मला तिथं अजून कामं करायची आहेत. तिथल्या कॉलनीच्या चौकातल्या मोकळ्या जागेत ऋता मॅडमचं काम उभं करायचं होतं: तीन वाकलेले पाइप, नारिंगी रंग, आणि प्रत्येकाच्या टोकाला म्हशीच्या तोंडाएवढं नरसाळं. वारा शिरला की ते घुमायचं. मॅडम पुण्याच्या, पण आजोळ इथलंच. हॉलच्या बाहेर, उघड्यावर मांडलेलं हे त्यांचं पहिलं काम. परवानग्या मिळवताना त्यांच्या चपला झिजल्या होत्या.

चूक माझी. पाइप पडू नयेत म्हणून खाली काँक्रीटचा चौथरा घातला. शेजारी रस्ता खणलेला. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून भोवती बांबूचा सांगाडा बांधून वर ताडपत्री टाकली. चौकात चौथरा, चौथऱ्यावर उंच काहीतरी, आणि ते झाकलेलं! आपल्याकडं याचा अर्थ शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. त्यात सांगाड्याचा एक बांबू तिरका वर निघाला होता. लांबून बघितलं तर फेटा बांधलेला माणूस हात वर करून गर्दीला शांत करतोय.

गर्दी काही शांत झाली नाही.

पहिला आला विक्रम. त्याचे आजोबा, आबा, गाव ग्रामपंचायत असताना सरपंच होते. “फेटा आबांचाच हाय,” तो म्हणाला. “घरच्यांना इचारायची पद्धत हाय का न्हाई?” त्याच्या मागं तालमीतली पोरं. त्यांचं म्हणणं, हात वर केलाय म्हणजे कुस्ती मारलीय, म्हणजे हे त्यांचे वस्ताद. तिसऱ्या आल्या इंदूकाकू, दिवंगत हेडमास्तरांच्या मंडळी. त्या भांडल्या नाहीत. पिशवीतून मास्तरांचा चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. “नंबर बदलला नाही म्हणावं.”

मी सगळ्यांना खरं सांगितलं. या धंद्यात खरं सांगण्याएवढा वाईट उपाय नाही.

“पायपा?” विक्रम हसला. “पायपांसाठी एवढा चौथरा? लपवताय तुमी.”

“दाखवतो की,” म्हणून मी ताडपत्रीचा कोपरा हातभर उचलला. आत पाइपचा खालचा भाग दिसला.

“आबांची काठी!” विक्रम ओरडला.

“काठी कसली रं, गदा हाय ती!” तालमीतनं आवाज आला.

तिथून पुढं आवाज इतका वाढला, की पलीकडच्या हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न बंद करून ऐकलं.

तर आता साहेब टेबलावर बोटं वाजवत होते. “उद्या सकाळी उद्घाटन. आज संध्याकाळपर्यंत हे थंड झालं नाही तर क्रेन लावून उचला.”

“साहेब, रंग ओला आहे. पट्टा लावून उचललं तर सालं निघतील, नरसाळी वाकतील. काम संपलंच.”

“मग आत्ता उघडा.”

“आत्ता उघडलं तर धूळ बसेल. आणि हे आबा नाहीत म्हटल्यावर तेच लोक म्हणतील, आबांना रातोरात हलवलं.”

साहेबांनी डोळे मिटले. “संध्याकाळपर्यंत,” ते म्हणाले.

बाहेर ऋता मॅडम कट्ट्यावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, पण नखं खाऊन संपली होती. “काका, उचलणार का हो?” एवढंच विचारलं. मी गेटवाला माणूस. पण गेट लावल्यावर कुणी काढायला सांगितलं तर मलाही राग येतो.

मी सलीमला बाजूला घेतलं. “मिस्तरी, भांडण कशाचं आहे? माणसाचं. आत माणूस नाही हे पटवता येत नाही. मग बाहेरून तरी माणूस ठेवायचा नाही.”

सलीम ताडपत्रीकडं बघत राहिला. “जनावर करू या का, शेठ?”

“झाडच कर की.”

“झाडाला बी कोणतरी म्हनंल आमच्या बापानं लावलं हुतं. जनावराला आजा म्हनायला कोन येनार न्हाई.”

दुपारी लोक जेवायला पांगले. रंगाला धक्का न लावता सांगाड्याचे बांबू सोडले आणि आडवे बांधले. हात खाली आला, फेटा गेला. नरसाळ्यांचा रंग तेवढा वाळला होता, त्यांतल्या दोनांवर ताडपत्री ताणली, तिथं शिंगं झाली. पाठीला जरा उठाव हवा म्हणून सलीमनं मधल्या पाइपला टेकवून घमेलं पालथं घातलं. मी रस्ता ओलांडून लांबून बघितलं. वशिंडासकट बैल! कोपऱ्यावरचं कुत्रं त्याच्यावर भुंकून गेलं.

चार वाजता विक्रम परत आला. बघितलं. पुन्हा बघितलं. शेजारी तालमीची पोरं उभीच होती. त्यांतला एक म्हणाला, “विक्रमदादा, आबांस्नी शिंगं कवा फुटली?” विक्रम म्हणाला, “वस्तादास्नी फुटली तवाच.” आणि दोन्ही पार्ट्या एकमेकांकडं न बघता घरी गेल्या. मी साहेबांना फोन केला, थंड झालं. चष्मा इंदूकाकूंना परत नेऊन दिला. त्यांनी काच पदरानं पुसली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात बैलाचा आकार चौकात उघडा सोडून माणसानं चहाला जाऊ नये. इथं पोरांना मामाचं नाव आठवत नाही, पण कुठल्या मैदानात कुठल्या बैलानं फायनल मारली ते झोपेत सांगतात. मी कपातला दुसरा घोट घेतला तेवढ्यात हलगी ऐकू आली.

पुढं नामदेव तात्या. मागं इंजान. इंजान म्हणजे तात्यांचा शर्यतीचा बैल, आता म्हातारा झालेला. एके काळी तो पळाला की मागची धूळ दोन दिवस खाली बसायची नाही, असं लोक सांगतात, आणि मी एक दिवस वाढवून सांगतो. त्याच्या मागं निम्मा तालुका.

तात्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. “आवं, जित्याजी पुतळा कुनी बांधतं का? त्यो ह्यो काय माझ्या मागं उभा हाय!”

मी तोंड उघडलं. सलीमनं मागून माझा शर्ट ओढला. मी तोंड मिटलं. खरं सांगून सकाळी काय झालं होतं ते ताजं होतं.

“उद्या सकाळी त्येला झूल घालून घिऊन येतो,” तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. प्रमुख पाहुण्यांना चौकातली भांडणं कळली होती, त्यामुळं त्यांना अचानक मुंबईत मीटिंग लागली. साहेब घामाघूम. मॅडमना मी काहीच सांगितलं नव्हतं. एवढी गर्दी कलेला येते हे बघून त्या येईल त्याला हात जोडत होत्या. इंजान झूल घालून पहिल्या रांगेत उभा होता, पाहुण्यांच्या जागेवर.

सलीमनं आतून घमेलं ओढून घेतलं, बांबू सोडले, आणि ताडपत्री पडली.

तीन नारिंगी पाइप. वर तीन नरसाळी.

अशी शांतता मी फक्त दहावीच्या निकालाला ऐकलीय. मग कुणीतरी म्हणालं, “शिंगं हायती. बैल कुटंय?” आणखी कुणीतरी म्हणालं, “फसवलं की रं!” पोरं पुढं सरकली. मॅडम चौथऱ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, जणू ते एवढं धूड त्या एकट्या अडवणार होत्या. तात्यांचा चेहरा तर मला बघवेना. सलीमनं पुन्हा दाराकडं बघावं तसं हायवेकडं बघितलं.

तेवढ्यात वारा आला. नरसाळी घुमली, खालच्या पट्टीत, लांब. इंजाननं कान टवकारले. मान वर केली आणि अशी डुरकी फोडली, की माझ्या छातीतलं वेल्डिंग हललं. नरसाळी घुमली. तो पुन्हा डुरकला. मग तात्यांच्या हातातला कासरा ओढत तो सरळ चौथऱ्यावर चढला आणि मधल्या पाइपला मान घासायला लागला. मनापासून. बाकीचा रंग वाळला होता, पण घमेलं टेकवलं होतं तेवढा पट्टा वारा न लागल्यानं ओलाच होता. तिथला सगळा रंग बैलाच्या वशिंडावर आला.

सगळे तात्यांकडं बघत होते.

तात्यांनी नारिंगी झालेलं वशिंड बघितलं, वर नरसाळ्याकडं बघितलं. “पसंत हाय त्येला,” ते म्हणाले. “त्येला पसंत तर आपुन कोन बोलनार?”

आणि हलगी वाजली.

पुढचा महिनाभर लोक शर्यतीचे बैल आणून त्या पाइपला मान घासून नेत होते. इंदूकाकू संध्याकाळी खुर्ची टाकून शेजारी बसायच्या. “मास्तर असेच घोरायचे,” त्या मॅडमना म्हणाल्या. मॅडमना आजपर्यंत मिळालेली सगळ्यांत चांगली दाद तीच, असं त्या सगळीकडं सांगतात. काम उतरवलं तेव्हा बैलाच्या मानेच्या उंचीवर रंग उडून स्टील चकाकत होतं. मी पुन्हा रंगवायला निघालो तर मॅडमनी हात धरला. आता पुढच्या प्रदर्शनात ते तसंच उभं आहे, आणि खाली पाटी आहे: ‘स्थानिक समाजाचा सहभाग’. बैलाचं नाव नाही.

मला एवढंच शिकायला मिळालं, की उद्घाटनाला बैल मिळत असेल तर माणूस शोधू नये. बैल वेळेवर येतो, भाषण करत नाही, आणि कामाला निदान मान लावून बघतो.