मालडब्याचा दुसरा दांडा

परसूअण्णा गेल्याचं मला रामनगरच्या बाजारात कळलं. सुक्या बांगड्यांपाशी उभा होतो. कॅसलरॉकहून आलेला ओळखीचा, रुळांच्या कामावरचा एक गँगमन जवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, परसूअण्णा सकाळी गेले." अशा वेळी माणसाला जे वाटायला हवं ते मला वाटलं नाही. मला वाटलं, सुटलो... आता ते कुणालाच कळायचं नाही. मी बांगडे निवडून घेतले, घरी आलो, पिशवी बायकोच्या हातात दिली आणि मग तिला बातमी सांगितली. पेपरच्या या पुरवणीनं अण्णांवर लिहाल का असं विचारलं, तेव्हाही मी चटकन हो म्हटलं होतं. छंदिष्ट माणूस, जंगलातलं गाव, चिमुकले मालडबे, वाचकांना आवडेल असं बरंच हाताशी होतं. तसा लेख माझ्याकडून झालाही असता. पण अण्णांच्या पत्नीनं, आम्ही सगळे त्यांना वैनी म्हणतो, मला सांगितलं की लिहिणार असाल तर झालं ते सगळं लिहा. म्हणून हा लेख असा आहे.

अण्णा रेल्वेत डबे तपासायच्या कामावर होते. हातोडीनं चाक वाजवायचं आणि आवाजावरून चीर ओळखायची, यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर कॅसलरॉकच्या घरातल्या खिडकीपाशी त्यांनी एक मेज मांडलं आणि मीटरगेजच्या काळातले मालडबे बनवायला घेतले. तळहातावर मावेल एवढा एक डबा. सागाच्या पातळ चिपांच्या फळ्या, डब्याच्या पत्र्याचे तुकडे, आणि त्या पत्र्याला मागून बोथट सुई टोचून उठवलेले रिव्हेट. रिव्हेट मोजून. खऱ्या डब्याच्या एका पट्टीला अकरा असतील तर यांच्याही अकराच. मी रामनगरच्या मराठी शाळेत शिकवायचो. मलाही गाड्यांचं वेड होतं, म्हणून एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि पुढची चौदा वर्षं जातच राहिलो. माणूस गोड नव्हता. कुणी कौतुकानं डबा हातात घेतला की ते विचारायचे, "ह्यात चूक काय हाय सांगा." चूक नसायचीच. समोरच्याला ते माहीत नसायचं, तो गोंधळून काहीतरी दाखवायचा, आणि अण्णा त्याच्या हातातून डबा काढून घ्यायचे. एवढाच त्यांचा विनोद.

या सगळ्याच्या मुळाशी एकच डबा होता. अण्णांचे वडील मूळचे दिग्गीचे, शेती सोडून रेल्वेत लागलेले. घाटाच्या माथ्यावरच्या एका लहान यार्डात ते कामाला होते. मँगनीजनं भरलेली मालगाडी घाट उतरायच्या आधी थांबवायची आणि एकेका डब्याचा हातब्रेकचा दांडा खाली दाबून अडकवायचा, हे त्यांचं काम. एके दिवशी ते दोन डब्यांमधल्या जोडाखालून पलीकडे जायला वाकले आणि गाडीला हिसका बसला. चौकशीच्या कागदात आलं की डब्याला दोन्ही बाजूंनी दांडे होते, मयतानं विनाकारण खालून जाण्याचा निष्काळजीपणा केला. गावानं त्यात आपलं घातलं. कुणी म्हणालं प्यायलेला होता, कुणी म्हणालं चार पावलं वाचवायला गेला. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे होते. आईबरोबर दुकानात गेलं की लोक बोलायचे थांबतात, हे त्यांनी दहाव्या वर्षापासून पाहिलं. पुढे नोकरीत त्यांना कळलं की जुन्या डब्यांना दांडा एकाच बाजूला असायचा. तो पलीकडच्या बाजूला आला तर माणसाला लांबलचक गाडीला वळसा घालावा लागे, किंवा खालून जावं लागे. वरच्या साहेबांची घाई चालायची, म्हणून सगळेच खालून जात. वडिलांचा डबा तसा होता, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं. कागदावर डब्याचा नंबर होता. त्या नंबरच्या डब्याचा एक फोटो त्यांना हवा होता. बाकीचे साठ-सत्तर डबे ही त्याची तालीम.

त्या फोटोपायी त्यांनी माणसांना कसं छळलं ते मी पाहिलंय, छळायला मदतही केली आहे. रेल्वेतल्या माणसांच्या घरी जुने फोटो असतात, आणि त्यांत मागे कुठेतरी डबा उभा असतो. अण्णा दारात जाऊन अल्बम मागायचे. मर्तिकाच्या घरीही. बाजारकुणंगला एका म्हाताऱ्या गार्डाच्या बाराव्याला आम्ही जेवून उठलो आणि अण्णांनी त्याच्या बायकोकडे लग्नाचा अल्बम मागितला. ती बिचारी डोळे पुसत घेऊन आली. यार्डात उभं राहून काढलेला नवरानवरीचा फोटो होता. अण्णांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "नवरी आड येतीया." मला हसू आवरेना. त्या बाईचं तोंड मी मुद्दामच पाहिलं नाही. दुसऱ्या एका वेळी जंगलातल्या एका गोठ्यावर आम्ही दोन दिवस घातले, कारण तो गोठा म्हणजे चाकं काढून आणून ठेवलेला जुना डबा होता. शेणात आडवं पडून अण्णा फळ्यांची मापं घेत होते आणि मी वहीत उतरवत होतो. मालक म्हणाला, म्हशीची धार तरी काढू द्या. अण्णांनी त्याला थांबायला सांगितलं, आणि तो थांबला.

मापं, फोटो, नंबर यांच्याइतकीच त्यांना आणखी एक गोष्ट लागायची. डबा वर्कशॉपात दुरुस्तीला जाऊन आला की त्याच्या अंगावर काळा चौकोन रंगवून त्यात तो महिना आणि साल पांढऱ्या अक्षरांत लिहीत. अण्णा सांगायचे, डबा वर्कशॉपातून बाहेर पडला की तो दुसरा डबा. फळ्या बदलतात, पत्रे बदलतात, दांडे लागतात. त्यामुळे तारीख वाचल्याशिवाय फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. हा नियम मी एकदाच मोडला. दोन महिने खपून मी एक बंद डबा बनवला होता, माझा पहिला आणि शेवटचा. बेळगावहून गाड्यांचे चार हौशी लोक आले होते त्या दिवशी तो घेऊन गेलो. अण्णांनी तो उलटासुलटा केला आणि विचारलं, फोटो कुठल्या सालचा? मी सांगितलं. "आन् नंबर रंगवलाय त्यो त्याच्या आधीच्या सालचा. सहा फळ्या हुत्या तवा. तुमी सात लावल्यात." एवढं बोलून ते उठले, मागल्या दारी गेले आणि न्हाणीच्या चुलीत माझा डबा घातला. परत येऊन म्हणाले, "पाणी तरी तापंल." पाहुणे हसले, मीही हसलो. ती गोष्ट पुढे त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यासमोर सांगितली आणि दर वेळी मला हसावं लागलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओतलेला माणूस मी, पण असा पाणउतारा माझा कुणी केला नव्हता. ते माझ्या जिव्हारी लागलं होतं आणि मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

फोटो शेवटी मलाच सापडला, गेल्या वर्षी, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या माहेरी. तिचे आजोबा यार्डात होते. रुळालगत ओळीनं बसलेली पोरं, मागे उघडा डबा, त्यावर तो नंबर. अलीकडच्या बाजूचा दांडा स्पष्ट होता. डब्याच्या पोटाखालून पलीकडचं गवत दिसत होतं, आणि त्या गवतावर पलीकडचा दांडाही दिसत होता. दोन्ही बाजूंना दांडे. मी खुर्चीवर बसलो. मग डब्याच्या कोपऱ्यातला काळा चौकोन पाहिला. महिना, साल, सगळं वाचता येत होतं. अपघातानंतर जवळजवळ दोन वर्षांनी डबा वर्कशॉपातून बाहेर पडला होता. म्हणजे दुसरा दांडा आधीपासून होता की नंतर लागला, हे फोटोवरून सांगताच येत नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या शोधाचं फळ हे असं, अर्धवट. मी मोबाईलवर त्याचा फोटो घेतला आणि खरं सांगतो, जसं आहे तसं अण्णांना दाखवायचं ठरवूनच निघालो.

अण्णांची छाती तोवर पार निकामी झाली होती. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावं लागे. खिडकीपाशी बसले होते, समोर हुबळीचा कुणी तरुण इंजिनियर डबे पाहत होता. मला दारात पाहून अण्णा त्याला म्हणाले, "हे आमचे मास्तर. ह्यांच्या डब्यावर मी आंघुळ केलीया." आणि ते खोकेपर्यंत हसले. पोरगाही हसला. तो गेल्यावर मी मोबाईल काढला. नंबर आणि दोन्ही दांडे दिसतील एवढाच भाग बोटांनी मोठा केला. काळा चौकोन पडद्याच्या बाहेर गेला. मी तो बाहेर घालवला. अण्णांनी मोबाईल डोळ्यांशी नेला, भिंग लावलं. मग त्यांनी विचारलंच.

"वर्कशॉपची तारीक?"

"पुसलीय, अण्णा. वाचता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडदा सरकवायचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी चौदा वर्षांत त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. "म्हंजे बाबाचीच चूक," ते म्हणाले. तारीख वाचल्याशिवाय फोटो न मानणारा माणूस, पण दुसरा फोटो शोधण्याइतके दिवस आता त्यांच्याकडे उरले नव्हते. मला वाटलं होतं की एक दिवस, फार तर दोन दिवस त्यांना जळू द्यावं आणि मग सांगावं. त्यांचं उतरलेलं तोंड पाहून मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. आठवडा गेला. मग सांगायचं तर का लपवलं तेही सांगावं लागणार होतं, म्हणून मी तब्येतीचं निमित्त करून घरीच राहिलो. तीन आठवड्यांनी ते गेले. डॉक्टरांनी फुफ्फुसांचं कारण सांगितलं आणि ते खरंच आहे. मी त्यांना मारलं असं मी म्हणत नाही. त्याहून वाईट काय केलं ते मला नंतर कळलं.

मी वैनींना भेटायला गेलो ते दिवसकार्य उरकल्यावर. त्यांनी चहा ठेवला आणि शेवटचे दिवस सांगितले. माझ्या त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा काठी घेऊन, वैनींच्या खांद्याचा आधार घेत स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. दर वीस पावलांना थांबत. तिथं सकाळी जुनी रेल्वेची माणसं बसतात, ज्यांच्या बापांनी अण्णांच्या बापाला नावं ठेवली होती. अण्णांनी उभ्याउभ्या सांगितलं की तुमच्या वाडवडलांचं खरं होतं, फोटो मिळालाय, माझ्या बाबाचीच चूक होती, मी उगीच तुमच्याशी भांडलो. कुणीतरी जाऊ द्या अण्णा म्हणालं. घरी आल्यावर त्यांनी वडिलांचा तो डबा मेजावर घेतला, जो त्यांनी वीस वर्षांपूर्वी एकाच दांड्याचा बनवून ठेवला होता, आणि दुसरा दांडा करायला बसले. चार दांडे मोडले, पाचवा लागला. लावताना वैनींनी डबा धरला होता.

वैनींनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. नंबर, वजनाचे आकडे, रेल्वेची अक्षरं, सगळं होतं. कोपऱ्यातला काळा चौकोनही होता, पण कोरा. मी काही विचारलं नव्हतं. वैनीच म्हणाल्या, "तारीक का न्हाई ल्हिली म्हून इच्यारलं मी. म्हनले, मास्तरला वाचता आली न्हाई. बघितल्याबिगर ल्ह्यायची न्हाई."

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मोबाईल काढला, फोटो उघडला आणि सरळ त्या कोपऱ्यावर नेऊन त्यांच्या हातात दिला. चुलीचं सांगितलं, पुसलीय म्हणालो तेही सांगितलं. मला रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. त्यांना अक्षरं वाचता येतात. त्यांनी साल वाचलं, बोटांवर हिशेब केला, परत वाचलं.

"तवाच का न्हाई सांगितलासा?"

मी चहाचा कप उचलला आणि तसाच परत खाली ठेवला.

"त्येनी टपरीवर जाऊन बापाची अब्रू घालवली. माज्या खांद्यावर हात टाकून गेले." त्या उठल्या, मेजाच्या खणातून अण्णांची बारीक पक्कड आणून माझ्या हातापाशी ठेवली. "आता सांगा मास्तर. ह्यो दांडा ठेवायचा, का काडायचा?"

अण्णांच्या नियमानं ठेवता येत नाही, कारण अपघाताच्या दिवशी तो होता असं कुणी पाहिलेलं नाही. त्याच नियमानं काढताही येत नाही. वर्कशॉपचे जुने कागद केव्हाच रद्दीत गेलेत, ते मी चौकशी करून आलोय. उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस होता. त्याला खरी तारीख दिली असती तर त्यानं उरलेल्या तीन आठवड्यांत डोकं फोडून काहीतरी शोधलं असतं, निदान मरताना त्याला बाप गुन्हेगार वाटला नसता. हे सगळं मी वैनींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला न्हाई, पेपरात ल्ह्या. टपरीवर पेपर येतो." म्हणून लिहिलंय. टपरीवरच्या मंडळींनो, अण्णांच्या वडिलांची चूक होती हे सिद्ध झालेलं नाही. मी खोटं बोललो होतो.

मी अजून दर रविवारी कॅसलरॉकला जातो. न जाणं मला जमत नाही, आणि वैनी येऊ नका म्हणत नाहीत. त्या चहा देतात, पावसापाण्याचं विचारतात, माझ्या बायकोची चौकशी करतात. कप खाली ठेवला की त्या डबा मेजावर आणतात, शेजारी पक्कड ठेवतात आणि माझ्या समोर बसून राहतात.