ब्रेडवालीने धरलेला डूख

गाडीवरून पडल्याचं ब्रेडवालीला एवढं लागलं नाही, जेवढं त्यानंतर लोकांचं बोलणं लागलं.

नवरा सोडून गेल्यापासून ती मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी क्रेट बांधून बेकरीचा ब्रेड दुकानादुकानांत पोचवायची. राहायची भावाकडे, पण भावजयीच्या तोंडाकडे बघून घास उचलायची पाळी तिने स्वतःवर येऊ दिली नव्हती.

गाडीचं काम चौकातल्या गॅरेजवाल्याकडे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि दुखणं सांगायचं, ही त्याची तऱ्हा. म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. एकदा त्याने चेन ताणून दिली आणि तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. ती परत गेली.

"अहो डॉक्टर, गाडी सरळ जात नाही."

त्याने मागच्या चाकाकडे वाकूनही पाहिलं नाही. "गाडी सरळच आहे, ताई. तुमच्या हातात जोर कमी पडतो." बाकावरची रिकामटेकडी मंडळी फिदीफिदी हसली. पुढच्या खेपेला तर तो म्हणाला, "झेपत नसेल तर स्कूटर घ्या."

मग एका सकाळी, टँकरने पाणी सांडलेल्या वळणावर ती डावीकडे वळली आणि मागचं चाक साबणासारखं निसटलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली, पाय कायमचा आखूड झाला. बेकरीने काम दुसऱ्याला दिलं. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "बाईमाणसाने एवढी जड गाडी घ्यावीच कशाला?" चोराच्या उलट्या बोंबा! पण तिचा सख्खा भाऊही मान डोलवायला लागला, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेजारी एक काका राहायचे. जुन्या टायरांवर नवं रबर चढवण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिला बघायला आले, तेव्हा दारातल्या गाडीच्या टायरवरून त्यांनी सवयीने हात फिरवला आणि थबकले.

"पोरी, ही डावी बाजू गुळगुळीत झालीय. उजवीकडच्या खाचा शाबूत आहेत. चाक तिरकं बसवलंय कोणीतरी."

"म्हणजे?"

"चेन ताणताना दोन्हीकडचे नट सारखे फिरवायचे असतात. एकीकडे जास्त फिरवलं की चाक वाकडं धावतं, गाडी ओढते आणि टायर एकाच अंगाने घासतो. तू वळलीस ती नेमकी त्याच बाजूला."

ती रडली नाही. "काका, मला शिकवा," एवढंच म्हणाली.

पाय टेकता यायला लागल्यावर तिने डॉक्टरच्या गॅरेजसमोरच, रस्त्याच्या पलीकडे, टायरचं दुकान मांडलं. भाऊ म्हणाला, "अगं, जागा काय कमी आहेत?" ती म्हणाली, "मला हीच हवी." दर्शनी भिंतीवर तिने तो झिजका टायर खिळ्याला अडकवला. डॉक्टर आधी मिशीतल्या मिशीत हसला.

ती येणारी-जाणारी गाडी थांबवायची, चाकावरून तळवा फिरवायची आणि फुकट सांगायची. मधला पट्टा सपाट झाला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. कुठे उंचवटा, कुठे खड्डा लागला तर शॉकअब्सॉर्बर नाहीतर बेअरिंग. आणि एकच बाजू गेली असेल, तर ती मान वर करून विचारायची, "चेन कुठे ताणली?" गिऱ्हाईक समोर बोट दाखवायचं. मग ती दोरी धरून पुढचं-मागचं चाक एका रेषेत आहे का ते त्यालाच बघायला लावायची आणि भिंतीवरच्या टायरची गोष्ट सांगायची. प्रत्येकाला, पहिल्यापासून, आवाज न चढवता.

डॉक्टरकडची गर्दी ओसरली. बाकावरची मंडळीही उठून इकडे आली. शेवटी एका दुपारी तो स्वतः रस्ता ओलांडून आला. चेहरा उतरलेला.

"ताई, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही."

"पाय एकच धड आहे माझा. तोच देतेय."

"काय केलं म्हणजे तो टायर उतरवाल?"

"खरं बोला. इथे, या सगळ्यांसमोर."

तो पुटपुटला. ती म्हणाली, "कोपऱ्यावरच्या फळवाल्याला ऐकू गेलं नाही." त्याने आवाज वाढवला. "भावाला बोलावते, थांबा," म्हणाली आणि भाऊ येईपर्यंत त्याला उन्हात उभं ठेवलं. मग तो भावाच्या डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाला, "चाक मीच तिरकं बसवलं होतं. या सांगत होत्या, मी बघितलं नाही." भावाने मान खाली घातली. तिने दोघांकडेही आलटूनपालटून पोटभर बघून घेतलं.

टायर मात्र तिने उतरवला नाही. डॉक्टर म्हणाला, "शब्द दिला होता." ती म्हणाली, "मी फक्त खरं बोला म्हणाले. बाकीचं तुम्ही धरून चाललात."

काही महिन्यांनी त्याच्या गॅरेजचं शटर कायमचं खाली आलं. काकांनी तिला समजावलं, "झालं ना मनासारखं? आता निवळ, पोरी."

"निवळले की," ती म्हणाली. "झोप छान लागते आता."

ते खरंच होतं. सूड घेतल्यावर मन खातं म्हणतात. तिचं खात नव्हतं. समोरच्या बंद शटरला ती रोज सकाळी एकदा निवांत न्याहाळायची आणि मग पाना घेऊन पहिल्या गाडीशी बसायची.