शुक्रवारी बसवलेली काच

शुक्रवारी गॅरेज बंद होतं, म्हणून गाडीची काच मी स्वतः बसवली.

त्याच गाडीतून शनिवारी सकाळी माझ्या मेहुण्याला इंटरव्ह्यूला जायचं होतं, आणि त्याचा व्हिजिट व्हिसा त्याच आठवड्यात संपत होता. नोकरी लागली तर तो दुबईत राहणार, नाही तर सुटकेस भरून नाशिकला परत. तिथली नोकरी तो सोडून आलेला. इथली नोकरी कंपनीच्या राहण्याच्या जागेसकट होती. म्हणजे ती लागावी असं त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एअर कंडिशनिंगचा डिप्लोमा, त्या कामात बरीच वर्षं काढलेली. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा. आमचं फारसं पटत नव्हतं असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. मी टीव्ही लावला की तो उसासा टाकून कूस बदलायचा. फ्रिज उघडून दह्याच्या डब्यावरची किंमत मोठ्यानं वाचायचा, तितक्याच मोठ्यानं तिचे रुपये करायचा, "बाप रे" म्हणायचा आणि डबा संपवायचा. माझी मुलगी त्याला मामा न म्हणता अंकल म्हणायची, आणि मी तिला सुधारत नव्हतो.

काच पडली गुरुवारी संध्याकाळी, बर दुबई भागातल्या देवळातून परत येताना. तो पुढं माझ्या शेजारी, बायको आणि मुलगी मागं. त्यानं एसीच्या झोतासमोर हात धरला, "भावजी, गॅस गेलाय" असं जाहीर केलं आणि आपल्या बाजूची काच खाली घेतली. पुढच्याच स्पीडब्रेकरला धप्पकन आवाज झाला आणि काच दरवाज्याच्या पोटात गडप झाली. हँडल नुसतंच गरगर फिरायला लागलं. मी म्हणालो, तू मोडलीस. तो म्हणाला, मोडलेलीच होती, मी फक्त हात लावला. घर येईपर्यंत हेच चाललं होतं.

रात्री जेवताना बायको म्हणाली, शनिवारी त्याला टॅक्सीनं जाऊ दे. तो लगेच हो म्हणाला, आणि त्याच्या त्या लगेच हो म्हणण्यानंच माझं डोकं फिरलं. घरात गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील? ("कोण लोक?" बायकोनं विचारलं. मी आणखी एक पोळी घेतली.)

शुक्रवारी नाश्ता झाल्यावर मी बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये दरवाज्याचं आतलं आवरण उचकटलं. त्याच्या निम्म्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटल्या, त्यामुळं काम लवकर झालं. काच तळाशी धडधाकट पडली होती. ती ज्या लोखंडी पट्टीत बसते, तिच्यातलं रबर इथल्या उन्हानं करपून भुगा झालं होतं. मेहुणा चहाचा कप घेऊन खाली आला आणि सावलीत उभा राहिला. मला वाटलं मदतीला आला.

"भावजी, नवं रबर लागेल."

मी सांगितलं, आज शुक्रवार, इथली सुट्टी, दुकानं बंद आहेत. आणि खिशातून पुण्याहून आणलेली, गळती बुजवायच्या मसाल्याची पुडी काढली. काळी गोळी, पांढरी गोळी, दोन्ही एकत्र मळायच्या आणि फुटलेल्या कशावरही थापायच्या. त्या मसाल्यावर माझा गाढ विश्वास.

"हा इथल्या उन्हात धरणार नाही."

"पुण्यात आमच्या पाण्याच्या टाकीला किती वर्षं धरलाय, माहितीये?"

"टाकी रस्त्यावरून धावत नाही," तो म्हणाला, चहा संपवला आणि वर गेला.

मी पट्टीत मसाला कोंबला, काच दाबली, वर आणखी एक थर दिला आणि आवरण बसवून टाकलं. काही स्क्रू उरले. कंपनीनं जास्तीचे दिले असतील, असं समजून मी ते डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले. संध्याकाळी बायकोला खाली बोलावून काच दोनदा वर-खाली करून दाखवली. ती म्हणाली, "चालते खरी. पण उद्या तिला हात लावू नका."

शनिवारी कोणीच हात लावला नाही. मेहुणा लग्नातला सूट घालून ताठ बसला होता, मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल. एसीतून जे येत होतं त्याला वारा म्हणता आलं असतं, गार म्हणता आलं नसतं. शेख झायेद रोडच्या गुळगुळीत हायवेवर काच जागेवर होती. मला तर गाणं गुणगुणावंसं वाटत होतं. मग अल क्वोज या कारखान्यांच्या भागाकडं वळलो. तिथले रस्ते ट्रकांनी खणून ठेवलेले. पहिल्या खड्ड्याला मी त्याच्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. दुसऱ्याला धप्प.

पुढं सिमेंटचा ट्रक चालला होता. त्याची सगळी धूळ आत आली आणि घामानं भिजलेल्या मेहुण्यावर बसली. सूट काळा होता. राखाडी झाला.

कंपनीच्या आवारात गाडी थांबवली तर त्याचा दरवाजा उघडेना. काच पडताना लॉकच्या सळईत अडकली होती. मी धावत त्याच्या बाजूला गेलो, बाहेरून जोर लावला, आणि दरवाज्याची मूठ माझ्या हातात आली.

"माझ्या बाजूनं उतर," मी म्हणालो.

"तुमचं ऐकूनच इथं बसलोय," तो म्हणाला. त्यानं फाइल माझ्या छातीवर दिली, खिडकीतून आधी एक पाय बाहेर काढला, मग डोकं, आणि टाय सांभाळत वाळूत उतरला. कुठं तरी टर्रकन झालं. कुठं ते मी विचारलं नाही.

शेडच्या सावलीत पिकल्या मिशांचा एक केरळी गृहस्थ चहाचा ग्लास घेऊन हे सगळं पाहत होता. इंटरव्ह्यू घेणारा मॅनेजर तोच. तो सावकाश आला, मोकळ्या खिडकीतून दरवाज्यात बोट घालून त्यानं मसाल्याचं एक ढेकूळ काढलं आणि "ये किसने किया?" म्हणून विचारलं. मेहुण्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी दरवाज्याची मूठ पाठीमागं लपवली.

"तुम्हारे साइट पे ऐसा आदमी रहेगा, तो क्या करेगा?" मॅनेजरनं त्याला विचारलं.

मेहुण्याला दोन महिन्यांत एवढा सोपा प्रश्न कोणी विचारला नसावा. "सर, ऐसे आदमी के घर में दो महीना रहा हूँ," तो म्हणाला. "साइट पे एक दिन नहीं रखूँगा."

दोघं आत गेले. मी फाइल द्यायची विसरलो होतो. ती घेऊन धावलो, तर शिपायानं दारातच काढून घेतली आणि मला बाहेर थांबवलं. उन्हात उभा राहून मी देवाला म्हटलं, त्यांना माझी हवी तेवढी निंदा करू दे, पण याला इथं ठेवून घेऊ दे.

बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. मेहुण्याच्या कपाळावर तशीच धूळ होती, पण चेहरा मी याआधी कधी पाहिला नव्हता असा. मी हात पुढं केला. तो त्यानं पाहिलाच नाही. मॅनेजरनं मात्र पाहिला, आणि मधे येऊन उभा राहिला.

"इसको नौकरी मिल गया," तो म्हणाला. "तुम इधर नहीं आना."