पाण्याच्या दाराची लिव्हर

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्न मिस्त्री होतो. जी वस्तू ओतायची तिची सागवानात नक्कल करायची, ती वाळूत दाबून काढून घ्यायची, आणि मागे उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा, असं ते काम. धातू थंड होताना आटतो, म्हणून लाकूड केसभर मोठं ठेवावं लागतं. वीस वर्षं हे केल्यावर माझे गुडघे गेले होते आणि स्वभाव तुसडा झाला होता. घरचे म्हणायचे, तो आधीपासूनच होता.

त्या पावसाळ्यात पुण्याचा एक निर्यात करणारा माणूस एक लिव्हर घेऊन आला. वीतभर लांब, गनमेटल या तांबूस मिश्रधातूची, वर पिवळ्या रंगाचे जाडजूड थर. विमानाची आहे म्हणाला, तेव्हा सगळे हातातलं काम टाकून गोळा झाले. त्याने खिशातून फोटो काढून दाखवले. होडीचं पोट असलेलं, पंखांवर इंजिनं लावलेलं जुनाट विमान तळ्याच्या पाण्यावरून घसरत चाललं होतं. दुसऱ्या फोटोत तेच विमान जळत्या जंगलावर पोटातलं पाणी सोडत होतं. परदेशात वणवा असा विझवतात, त्याने सांगितलं. ही विमानं महायुद्धाच्या काळातली, बनवणारा कारखाना केव्हाच बंद झालेला, सुटे भाग कुठे मिळत नाहीत. पोटाखालचं पाण्याचं दार या लिव्हरने उघडतं. तिचं ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं.

ड्रॉइंग नाही म्हणून उद्यमनगरात कधी काही अडलेलं नाही. सॅम्पल आणा, करून देतो, ही इथली रीत. ऑइल इंजिन असो नाहीतर गुऱ्हाळाचा चरक, आम्ही वस्तू बघूनच वस्तू केली. मालक म्हणाले, हुतंय की.

लिव्हरचा एक हात दीड सूत, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर, बाहेर झुकला होता. लेथवर काम करणाऱ्या आमच्या टर्नरच्या ते लगेच लक्षात आलं. तो म्हणाला, "मिस्त्री, ही वाकडी वाटती की."

मी त्याला झापलं. सॅम्पलला शहाणपण शिकवायचं नाही, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं आणि मी ते वीस वर्षं मिरवत होतो. माझ्या पॅटर्नमध्ये फरक सापडला तर दाखवा, असं मी भल्याभल्यांना सुनवायचो. तो दीड सूत बाक मी लाकडात इतका नेमका उतरवला की स्वतःवरच खूश झालो. लिव्हरी ओतल्या, घासल्या, खोक्यात भरल्या. गणपतीच्या आधी माल गेला. सॅम्पल आमच्याकडेच राहिलं.

खंडेनवमीला आम्ही मशिनी धुतो, हत्यारं मांडतो आणि वर्षभरात आलेली चांगली सॅम्पलंही पूजेला ठेवतो. गिऱ्हाईकाच्या सॅम्पलवरचा रंग एरवी आम्ही खरवडत नाही. पण देवापुढे तसली मळकी लिव्हर कशी ठेवायची, म्हणून मी ती खरवडून चिंचेने घासायला बसलो. रंगाचे पोपडे निघाले आणि बाकाच्या जागी हातोडीचे घाव दिसले. तीन, एकाशेजारी एक. लिव्हर मुळात वाकडी नव्हती. कुणीतरी ती नंतर ठोकून वाकवली होती आणि वरून रंग मारला होता.

 आम्ही पाठवलेली एकूण एक लिव्हर वाकडी होती, आणि तिच्या भरवशावर कुणीतरी पोटात पाणी भरून आगीवर जाणार होता. लिव्हर अडली तर दार उघडणार नाही. तेवढं वजन घेऊन, धुरात, तो वर चढणार कसा?

पूजा आटोपल्यावर मी मालकांना बाजूला घेऊन घाव दाखवले. त्यांनी लिव्हर बराच वेळ उलटीपालटी केली. माणूस वाईट नव्हता. माझ्या बायकोच्या ऑपरेशनला स्वतः दवाखान्यात येऊन बसला होता. पण परदेशातलं पहिलं काम, त्यावर पुढची कामं अवलंबून, आणि फाउंड्रीत पंधरा माणसं. ते म्हणाले, "मिस्त्री, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती लोकं तपासल्याबिगर बसवत्यात व्हय?"

मला ते पटलं नाही. तरी मी गप्प बसलो, हे लिहिताना आजही लाज वाटते. परदेशात थंडीत विमानं उघडून दुरुस्त करतात आणि उन्हाळ्यात वणव्यावर जातात, हे पुण्याच्या पाहुण्याने सांगितलं होतं. म्हणजे वेळ होता. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी रोज कामावर जात राहिलो. टर्नरने तेव्हाच सांगितलं होतं, पण त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

फाल्गुनात बहिणीकडे कोडोलीला गेलो होतो. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं फुटतं, या समजुतीने दरवर्षी कोणीतरी शहाणा डोंगराला काडी लावतोच. त्या दुपारी वारं फिरलं आणि जाळ दाजींच्या आंब्याच्या कलमांकडे उतरायला लागला. गावातली माणसं हिरवे डहाळे घेऊन धावली, मीही धावलो. डहाळा आपटायचा, मागे सरायचं, पुन्हा आपटायचा. पापण्या होरपळल्या, घसा बंद झाला. मी दमून उभा राहिलो तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस ओरडला, "पावणं, बघतायसा काय? वरनं पाणी पडणार हाय व्हय?"

त्याला काय ठाऊक. पण मी खरंच वर बघितलं. खाली एवढा जाळ असताना वर पाण्याने जड झालेला माणूस लिव्हर ओढतोय आणि ती येत नाही, असं मला दिसलं. दाजींची निम्मी कलमं वाचली. मी मात्र चहालासुद्धा थांबलो नाही. तसाच काळ्या तोंडाने स्टँडवर आलो आणि एसटीडी बूथवरून पुण्याच्या पाहुण्याला फोन लावला.

सगळं सांगितलं.  त्याने एवढंच विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? मी खोटं बोललो नाही, खंडेनवमीला म्हणालो. त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मालकांनाही मीच सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. ज्या माणसाबरोबर वीस वर्षं एका डब्यात जेवलो, त्याच्यासमोर मान खाली घालून लाकूड तासायचं, याने मी जितका थकलो तितका कामाने कधी थकलो नव्हतो.

पुण्याचा पाहुणा मृगाच्या आधी आला. मालक आणि मी दोघेही ऑफिसात उभे राहिलो. त्याने सांगितलं की लिव्हरी तिकडे थंडीतच बसवून बघितल्या होत्या. जमिनीवर चाचणी घेताना दार अडलं. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने सगळ्या लिव्हरी काढून सरळ केल्या, आता त्या नीट चालतात. माझा फोन गेला तेव्हा हे होऊन गेलं होतं, फक्त पाहुण्याला ते कळलं नव्हतं. म्हणजे मी फोन केला नसता तरी कुणी मेलं नसतं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. झाकली मूठ उगीच उघडलीत, असंच ते बघणं होतं.

पण पाहुण्याचं बोलणं संपलं नव्हतं. कोल्हापूरच्या मिस्त्रीने स्वतःहून चूक सांगितली, हे त्याने तिकडे कळवलं होतं. त्यावर त्या मेकॅनिकचं उत्तर आलं होतं. ते घाव त्याचेच होते. एका विमानात लिव्हर बसवायची जागाच वाकडी होती, वणवा पेटलेला होता, म्हणून तळ्याच्या काठावर घाईत त्याने लिव्हर ठोकून तिला जुळवली होती. पुढे नमुना म्हणून तीच पाठवली गेली आणि सांगायचं तो विसरला. पाहुणा म्हणाला, "त्यांनी लिहिलंय, मिस्त्रींना सांगा, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. चूक माझी आहे."

मालक टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. ही चूक तुझ्या एकट्याची नाही असं कुणीतरी म्हणावं, याची मी आठ महिने वाट बघत होतो, आणि ते ज्याने माझं तोंडही पाहिलं नाही अशा माणसाने म्हटलं होतं. मी पाहुण्याला म्हणालो, "त्यांना कळवा, टर्नरनं मला सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाय. निम्मी चूक माझी हाय."