डॉक्टरांचा फिनलंड

ऐन मे महिन्यात, अंगणातल्या फरशीवर पाय ठेवला तर चटका बसेल अशा दुपारी, गळ्याला मफलर गुंडाळून थंडीने कुडकुडणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच आहे, आणि तो कित्येक वर्षं माझा शेजारी होता. हे गृहस्थ गुरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले, तरी शेळगावापर्यंतच्या गाई-म्हशी अजून त्यांच्याच हाताखाली. अशाच एका दुपारी मी त्यांच्याकडे ताप मोजायची नळी मागायला गेलो होतो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि डॉक्टर आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, ताप यांनाच आलाय. तेवढ्यात त्यांनी एक बोट वर केलं आणि कुजबुजले, "सर, हळू. फिनलंड चालू आहे."

डॉक्टरांना विलायती शास्त्रीय संगीताचा नाद लागला तो गाईंमुळे. तरुणपणी कुठल्याशा दुग्ध प्रकल्पात परदेशातून एक उंच तज्ज्ञ आला होता. जाताना त्याने आपला टेपरेकॉर्डर आणि खोकंभर कॅसेटी यांना देऊन टाकल्या. कॅसेटींवरची नावं उन्हाने उडालेली, फक्त देश तेवढे कोपऱ्यात वाचता येत. त्यामुळे ते संगीत कुणी रचलं याच्या भानगडीत डॉक्टर कधी पडलेच नाहीत. "माणसाचं नाव कशाला? मुलूख सांगा, माणूस आपोआप कळतो," असं ते म्हणत, आणि मी शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे हे मला कळलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या मते जर्मनी म्हणजे घरातले थोरले दीर. बोलायला लागले की मुद्देसूद, मध्ये कुणी खोकायचं नाही. फ्रान्स म्हणजे नुकतंच केस धुऊन गच्चीत आलेली बाई. इंग्लंड म्हणजे जेवण झाल्यावरही उठायचं नाव न घेणारे सभ्य पाहुणे. रशिया म्हणजे घरात मुलीची पाठवणी. आणि फिनलंड? तिथे ते थांबत. "फिनलंडात कुणीच नसतं हो सर. नुसता बर्फ, आणि एक माणूस कुठूनतरी चालत येतोय. येतोय, येतोय, पण पोचत नाही." एवढं बोलून ते मफलर नीट करत.

हे देश त्यांच्या डोक्यातून दवाखान्यातही उतरले. एखादी गाय मान टाकून बसली की डॉक्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत, "जरा रशियन झालीय, होईल बरी." हळूहळू शेतकऱ्यांनीही ते उचललं. एकदा मी समोर असतानाच शेळगावचे एक तात्या सायकल टेकवून ओरडले, "डॉक्टर, चला बिगीबिगी! माजी म्हस कालच्यान पार रशियन झालीया, वैरणीला त्वांड लावंना!" यावर डॉक्टरांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "शिंगं मारते का?" तात्या म्हणाले, "मारतीया की." "मग रशियन नव्हे तात्या, स्पॅनिश," म्हणत ते बॅग उचलून निघाले. एका लग्नात तर त्यांनी बँडवाल्याला कडेला घेऊन विचारलं, "ऑस्ट्रियाचं काही वाजवता का?" तो बिचारा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "ही पार्टी कुठली वं सायेब? अकलूजची का?"

कारखाने सुरू झाले की मात्र त्यांचे हाल होत. घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर कर्णा, आणि प्रत्येक कर्ण्यावर लावणी. डॉक्टरांचा नियम असा की मध्ये ट्रॅक्टर आला तर टेप थांबवायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची. साहजिकच गाळप संपेपर्यंत त्यांचा एकही मोठा तुकडा पुरा होत नसे. जर्मनीची सुरुवात आम्हा शेजाऱ्यांना तोंडपाठ झाली, शेवट मात्र होळीनंतरच. "हंगामात आपले छोटे देश बरे," ते म्हणत, आणि नाइलाजाने हंगेरी-नॉर्वेवर दिवस काढत.

त्यांच्या पत्नी होत्या तोवर या सगळ्याला घरात एक श्रोता होता. म्हणजे त्या ऐकत नसत, दारात बसून गहू निवडत. वाद्यं जरा मंदावली की हातातलं सूप थांबवून विचारत, "संपलं का हो?" आणि डॉक्टर म्हणत, "अजून दोन भाग आहेत." "मग चालू द्या," म्हणून त्या परत गव्हाकडे वळत. त्या गेल्यावर डॉक्टर आल्यागेल्याला देश सांगू लागले. पोस्टमन, औषधांच्या कंपनीचा माणूस, गॅसवाला, कुणी सुटला नाही. लोक चहा होईपर्यंत ऐकत आणि चहा झाला की उठत. मीही त्यातलाच. मला ते संगीत कधीच फारसं कळलं नाही. सगळे देश मला सारखेच लांबचे वाटत.

आणि मग एके दिवशी पेपरात बातमी आली की पुण्यात खुद्द फिनलंडचे चार वादक येणार आहेत. डॉक्टरांनी दोन तिकिटं मागवली आणि बरोबर कोण येतं ते विचारत गावभर फिरले. कुणाचा बस्ता होता, कुणाची पाण्याची पाळी होती. शेवटी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, तुम्हाला झोप आली तर झोपा. पण शेजारची खुर्ची रिकामी नको."

रविवारी सकाळचा कार्यक्रम, म्हणून आम्ही पहिल्या एसटीने निघालो. डॉक्टरांनी लग्नातला कोट घातला होता. भिगवण येईपर्यंत ते अखंड बोलत होते. पुण्याला गेल्यावर कुणाशी काय बोलायचं हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. "तो चालत येणारा माणूस आहे ना, त्याच्याबद्दल विचारायचंय. इतक्या वर्षांत कुणाला विचारायला मिळालं नाही."

सभागृह भरलेलं होतं. डॉक्टर मागे वळून वळून बघत राहिले. "एवढी माणसं ऐकतात?" ते हळूच म्हणाले. वादन सुरू झालं आणि ते असे बसले की मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मध्यंतरात चहाचे पेले घेऊन लोक घोळक्याघोळक्याने उभे होते. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. डॉक्टर एका घोळक्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथे फिनलंडबद्दलच बोलणं चाललं होतं, पण त्यात सगळी नावं होती, सालं होती, कुणी कुठे कुणाचं ऐकलं ते होतं. डॉक्टरांनी दोनदा तोंड उघडलं. एक बाई किंचित सरकल्या, यांना पलीकडे जायचंय असं समजून त्यांनी वाट करून दिली. डॉक्टर त्या वाटेने खरंच पलीकडे गेले आणि भिंतीपाशी उभे राहून गार चहा प्यायले.

कार्यक्रम संपल्यावर मीच त्यांना ढकलत रंगमंचाकडे नेलं. व्हायोलिन वाजवणारी उंच, पांढऱ्या केसांची बाई लोकांशी हात मिळवत होती. आमची पाळी आली. डॉक्टर तिच्याकडे बघत नुसते उभे. तिनेच इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

"इंदापूर," डॉक्टर म्हणाले.

"लांब आहे का?"

"फार," ते म्हणाले, आणि नमस्कार करून बाजूला झाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंनी ऊस जात होता, ऊन उतरत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, छान झालं ना?"

"छान झालं," ते म्हणाले. मग भिगवण मागे पडल्यावर, "सर, मला वाटायचं की इथे कुणी नाही म्हणून मी एकटा आहे. तिकडे एवढे होते, आणि..." कोट काढून त्याची घडी मांडीवर घेतली आणि घर येईपर्यंत त्याच्यावरून हात फिरवत राहिले, जसा गाईच्या पाठीवरून फिरवत तसा.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. ते देश सांगायचे बंद झाले होते. टेप लावायचे आणि बसायचे. मीही बसायचो. कधी डुलकी लागायची. जागा झालो की ते तसेच असायचे, आणि मी उठून गेलो नाही हे त्यांनी पाहिलेलं असायचं. तोंडाने काही म्हणत नसत, पण पुढच्या रविवारी माझ्या खुर्चीवर उशी आलेली असायची.

गेल्या वर्षी मुलाने बारामतीला घर बांधलं आणि आम्ही तिकडे राहायला आलो. निघताना डॉक्टर फाटकापर्यंत आले. "बारामती काय, हे इथं," म्हणाले. पण त्यांचे गुडघे आता एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत आणि मलाही रात्रीचं दिसत नाही. म्हणून रविवारी त्यांचा फोन येतो. "लावतो हं," एवढंच म्हणतात आणि फोन टेपसमोर ठेवतात. खरं सांगायचं तर फोनवर मला संगीत असं काही ऐकूच येत नाही. खरखर येते, आणि मधूनच पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसा आवाज. पण कान दिला की त्याच्यामागे खुर्ची करकरल्याचं ऐकू येतं, डॉक्टरांनी घसा साफ केल्याचं ऐकू येतं, आणि मग त्यांचा श्वास, सावकाश, लांबून आल्यासारखा. मी फोन कानाला लावून बसून राहतो. सून येऊन म्हणते, "बाबा, पलीकडं कुणी बोलत तर नाहीये." मी तिला हाताने थांब म्हणतो.