तिसरं रीडिंग

आमच्या घरात देव्हारा नव्हता, अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे होते. वडील ती छापून आणायचे आणि मी घड्या घालायचो. नवस, कौल, अंगात येणं, कशालाच सोडलेलं नसायचं. बहरीनला आलो तेव्हा माझ्या बॅगेत हेच शिक्षण होतं. सित्र्यात एका ठेकेदार कंपनीत मी परमिट लिहायचो. तेलाच्या टाकीत माणूस उतरण्याआधी आतली हवा मीटरने तपासायची आणि उतरायला हरकत नाही अशी सही करायची, हे माझं काम.

हिद्दच्या कामगार कॅम्पात माझ्या खोलीत एक मालवणी फिटर होते. सगळे त्यांना काका म्हणत. शटडाऊनमध्ये, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालायची तेव्हा, टाकी उघडायची असली की बस येण्याआधी काका ग्रामदेवतेच्या फोटोपुढे गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा, ही लेकरां आत जातत, तशीच सुखरूप भायर येऊ देत रे म्हाराजा!" सगळी खोली म्हणे, "होय म्हाराजा!" मी कधीच म्हणालो नाही. मग नारळ फुटे. प्रसादाचं खोबरं मात्र मी खायचो.

त्या खोलीसाठी मी एक पत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. ग्रीकांवर. लढाईआधी ते पशू कापत, आणि शकुन सांगणारा त्याचं यकृत हातात घेऊन निरखे. यकृत बिघडलेलं निघालं तर सैन्य हलायचं नाही. शत्रू समोर दिसू लागला की रांगेपुढे पुन्हा बकरीचा गळा चिरायचे. शेवटची ओळ मी जाड अक्षरात लिहिली होती: देवाला विचारू नका, मीटरला विचारा.

त्या दिवशी काकांचा नारळ नासका निघाला. आंबूस वास खोलीभर पसरला.

"आज आत जावचा नाय," काका म्हणाले.

मी बूट घालत होतो. "काका, ते फ्रिजवरचं वाचलंत ना? स्पार्टाचं सैन्य असंच बसून राहिलं होतं. वरून बाणांचा पाऊस, माणसं मरतायत, आणि सेनापती पशूमागून पशू कापतोय. शकुनच येईना."

"मगे?"

"मग एकदाचा आला. ते चालून गेले."

"हरले?"

"नाही. जिंकले."

"मगे हसतंस कित्याक रे मेल्या?"

खोली खदखदून हसली. मी म्हणालो, "वीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस आणि नारळाला घाबरतो. चला रे, काका आज बांगड्या भरणार आहेत." ज्या पत्रकांवर मी वाढलो, त्यांतल्या एकातही ही भाषा नव्हती. पण खोली पुन्हा हसली, आणि काका हेल्मेट उचलून बसमध्ये चढले.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. हळूच म्हणाले, "नारळाचा सोड. काल त्या टाकीच्या तोंडाशी माझे डोळे चुरचुरत होते. सुपरवायझराक सांगितलंय, तो म्हणता काम कर. मी नको म्हटला तर कोण ऐकता? देवान नको म्हटल्यान तर चार जणां तरी थांबतत."

डोळे चुरचुरणं म्हणजे विषारी वायू, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हणालो, "मीटर आहे ना, काका. मीटर खोटं बोलत नाही."

मीटर खरंच खोटं बोललं नाही. नळी तळाच्या गाळापर्यंत सोडली, तर ते धोक्याचा इशारा देत किंचाळलं. सुपरवायझरने अर्धा तास पंखा लावला. पुन्हा नळी सोडली, पुन्हा किंचाळलं. तो घड्याळ बघत म्हणाला, "इतना नीचे क्यों डालता है? मुँह पे लगाओ." मी नळी टाकीच्या तोंडाशी धरली. मीटर गप्प.

"ठीक है?"

"ठीक है," मी म्हणालो. परमिटवर फक्त तिसरं रीडिंग लिहिलं आणि सही केली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मास्क नसल्यासारखा तो पातळ मास्क चढवला आणि उतरले. आत खोऱ्याने गाळ हलला, आणि गाळात दडलेला वायू वर आला. त्यांना दोराने ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. ते गेले होते.

संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, "परमिट में रीडिंग ठीक है ना? खलास."

मी आजही देव मानत नाही. पण ज्या सेनापतीला मी हसलो, त्याच्या नापास पशूंची मढी सगळ्या सैन्यासमोर पडलेली होती. शकुन वाईट आहे हे शेवटच्या शिपायालाही माहीत होतं. आणि मी? मला हवा तो शकुन मिळेपर्यंत नळी वर ओढत राहिलो आणि आधीचे दोन लपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली तेव्हा गाऱ्हाणं घालायला कुणी नव्हतं. फ्रिजवरचं पत्रक मी रात्रीच काढलं होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिन्ही रीडिंगं लिहून ठेवली होती, नळी कुठे धरली होती त्यासकट, खाली माझी सही. ते मी उभा राहून वाचलं. काकांच्या मृत्यूची चौकशी होईल, तिथेही हेच सांगणार, म्हणालो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. एकाने फक्त विचारलं, "आज ती टाकी कोण तपासणार?"

"मीच. तळापासून. किंचाळलं तर सही नाही."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत ओरडत होता, "यल्ला, यल्ला! चलो!"

वाईट शकुन आता सगळ्यांसमोर पडलेला होता. कुणी उठलं नाही.