दगड झालेली गोगलगाय

वाळलेल्या काळ्या मातीचा वास आला की निलंग्याजवळचं आत्याचं रान आठवतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. नवी विहीर कोरडीच निघाली, म्हणून आत्या खोदकाम थांबवायला निघाली होती. मी सोबत होते. वाटेत ढेकळांत मला गोगलगाय सापडली, पण पुरती दगड झालेली. आत्या तिथंच खाली बसली. "अगं, हितं पाणी व्हतं की! कवा आसंल?" मी कॉलेजात शिकत होते, त्याला कोट्यवधी वर्षं झाली हे मला ठाऊक होतं. "लई आधी," एवढंच मी म्हणाले. तिनं आणखी चार दिवस खोदायला लावलं. पाणी लागलं नाही. पण ते चार दिवस ती पोटभर जेवली. खरं सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.